वाईट बातमी वेळेवर सांगणारा सेनापती : नाशिकच्या सैनिकी अकादमींना खुले पत्र

प्रति,
एनडीए, सीडीएस, एसएसबी आणि सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या नाशिक शहरातल्या व जिल्ह्यातल्या सर्व अकादमींचे संचालक आणि शिक्षकवर्ग

सप्रेम नमस्कार.

एक मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे, ती आधीच सांगून टाकतो. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, लष्करात ज्यांना एस. पी. पी. थोरात म्हणून ओळखत, त्यांची कारकीर्द तुमच्या वर्गात शिकवली जावी. सामान्यज्ञानाच्या पेपरातला एका गुणाचा प्रश्न म्हणून नव्हे. नकाशा पसरून, आकडेमोड करून, वाद घालून शिकवली जावी.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक, मुक्काम देवळाली कॅम्प. निवृत्तीनंतर तुमच्यापैकी काही जणांकडे नकाशावाचनाचे तास घेतो, त्यामुळे तुमची मुलं मला जवळून माहीत आहेत. सुरगाणा, पेठ, निफाड, सिन्नरहून येऊन कॉट बेसिसवर राहणारी, पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर घाम गाळणारी, आणि द्राक्षाला भाव मिळाला नाही त्या वर्षी फीचा हप्ता पुढे ढकला म्हणून मान खाली घालून ऑफिसात उभी राहणारी. आता त्यांत मुलीही आहेत. २०२२ साली एनडीएचं दार मुलींसाठी उघडलं, मुलींसाठीची सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आपल्याच शहरात आली, आणि तुमच्या बाकांवर वेण्या घातलेल्या, केस कापलेल्या पोरी दिसू लागल्या. या सगळ्यांच्या कष्टाला तोड नाही. म्हणूनच त्यांना आपण काय शिकवतो याची मला काळजी वाटते.

तुमच्या भिंतींवर परमवीरचक्र विजेत्यांच्या तसबिरी असतात. त्या असायलाच हव्यात. पण वर्षभर फक्त त्या तसबिरींकडे बघून मुलांच्या मनात एक समजूत घट्ट बसते, की अधिकारी म्हणजे सगळ्यांत पुढे धावणारा माणूस. ते खरं आहे, पण अर्धंच. पुढे कुठे धावायचं, किती जणांनी, कोणत्या महिन्यात, पाठीवर किती दिवसांचा शिधा घेऊन, आणि धावूच नये असं असेल तर ते वरच्याला कोणी आणि कसं सांगायचं, हे दुसरं अर्धं. ते चुकलं की तसबिरींची संख्या वाढते. १९६२ च्या चीनयुद्धात ती वाढली.

थोरातांना मी वर्गात आणा म्हणतो, कारण त्यांच्या आयुष्यात ही दोन्ही अर्धी एकत्र सापडतात.

१९०६ साली कोल्हापूरकडच्या वडगावात जन्म. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत प्रशिक्षण, मग पंजाब रेजिमेंट. इंग्रजी अमदानीत भारतीय अधिकाऱ्याच्या हातात पलटण देताना वरिष्ठ दहा वेळा विचार करत असत, तो काळ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर मात्र एक वेगळी गोष्ट घडली. ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन भारतीय पलटणी होत्या आणि तिन्हींचे कमांडिंग ऑफिसर भारतीय होते : थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. जानेवारी १९४५ मध्ये या ब्रिगेडला कांगॉजवळ उतरवण्यात आलं. जपानी फौज अराकानातून मागे सरत होती आणि तिच्या माघारीचा रस्ता कांगॉवरून जात होता. तो रस्ता तोडायचा होता. जमीन म्हणजे खाड्या, तिवरांची जंगलं, भरतीओहोटीचा चिखल, आणि त्यामागे टेकड्या. त्या टेकड्यांवर जपानी खंदक खणून बसलेले. ‘मेलरोज’ असं सांकेतिक नाव दिलेली टेकडी थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीनं घेतली, आणि ती शेवटी संगिनींनी घेतली. पलटणीची मोठी हानी झाली. थिमय्या, थोरात आणि सेन या तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला.

कांगॉ शिकवताना मुलांना एवढं नक्की सांगा की पुढे ज्या माणसाच्या अहवालाला दिल्लीत घबराट पसरवणारा असा शेरा मिळाला, तो माणूस हा होता. संगिनीचा हल्ला त्यानं पुस्तकात वाचलेला नव्हता.

त्यानंतरचं कोरिया. जुलै १९५३ मध्ये युद्धबंदी झाली, पण बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारतावर आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरनं उचलून या फौजेला थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडावं लागलं. काही हजार जवान, तारेचं कुंपण, आत चिडलेला जमाव. सप्टेंबरात कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेर मशीनगन होत्या. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर कोणी दोष दिला नसता, पण ग्रेवाल वाचले नसते. थोरात स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले, आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

हे दोन प्रसंग तुम्ही कदाचित आनंदानं शिकवाल. त्यांत धाडस आहे, पदक आहे, मुलांच्या अंगावर काटा येतो. माझा आग्रह तिसऱ्या प्रसंगासाठी आहे, ज्यात पदक नाही.

मे १९५७ ते मे १९६१ थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. तेव्हा या कमांडचं मुख्यालय लखनौला होतं. एका बाजूला पूर्व पाकिस्तान, दुसरीकडे नागा टेकड्यांतलं बंड, आणि उत्तरेला तिबेटची सरहद्द, जिथे चीन येऊन बसला होता. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तवांगच्या वाटेनं भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजूच्या चौकीवर चिन्यांनी गोळीबार केला. आजच्या अरुणाचलाला तेव्हा नेफा म्हणत, आणि तिथल्या सरहद्दीवर लष्कर नव्हतं. आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या छोट्या चौक्या होत्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात थोरातांनी सरहद्दीच्या संरक्षणाबद्दल एक सविस्तर टिपण लष्करी मुख्यालयाला पाठवलं. चीनकडून धोका खरा आहे, हल्ला झाला तर आज हाताशी असलेल्या फौजेत तो थोपवता येणार नाही, जादा फौज इतकी लागेल, आणि ती उभी राहीपर्यंत लढाई अमुक ठिकाणी द्यावी. लष्करप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनन यांनी ते अतिरंजित, उगाच घबराट पसरवणारं म्हणून बाजूला सारलं.

यातलं ‘अमुक ठिकाणी’ हे माझ्या विषयातलं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

थोरातांचं म्हणणं असं की अगदी सरहद्दीच्या माथ्यावर जाऊन मुख्य लढाई देऊ नका. पुढे छोट्या चौक्या ठेवा. त्यांचं काम बघणं, खबर देणं, थोडा वेळ अडवणं आणि मागे येणं. मुख्य संरक्षणफळी मागे, बोमडिला, झिरो, दापोरिजो, आलाँग, रोइंग, तेजू अशा ठिकाणांना जोडणारी. नकाशा न बघता ऐकलं तर हे भ्यायल्यासारखं वाटतं. आपलीच जमीन सोडून मागे का यायचं?

याचं उत्तर माझ्या वर्गात मुलं स्वतः काढतात, आणि त्याला साधं त्रैराशिक पुरतं. आठशे जवानांची एक पलटण डोंगरमाथ्यावर ठेवली असं धरा. माणशी रोज एक किलो शिधा, म्हणजे दिवसाला आठशे किलो. रस्ता संपतो तिथून चौकी पाच दिवसांच्या चालीवर. हमाल पाठीवर वीस किलो नेतो. मुलं लगेच भागाकार करतात : आठशे भागिले वीस, चाळीस हमाल. मग मी विचारतो, हमाल उपाशी चालणार का? जायला पाच दिवस, यायला पाच दिवस, रोज एक किलो. वीसातले दहा किलो तो स्वतःच खाणार. वर पोहोचणार दहाच. म्हणजे रोज ऐंशी हमाल वर पोहोचले पाहिजेत, आणि प्रत्येकाची फेरी दहा दिवसांची, म्हणजे एकूण आठशे हमाल. आठशे जवानांसाठी आठशे हमाल, आणि हे फक्त जेवण. यात काडतूस नाही, तोफगोळा नाही, तंबू नाही, घोंगडी नाही, आजारी माणसाला खाली आणणारं स्ट्रेचर नाही. आकडे मी वर्गासाठी सोपे घेतलेत, पण फळ्यावर हे गणित सुटतं तेव्हा वर्गात कुजबुज थांबते.

आता तेच गणित उलट बाजूनं मांडायला सांगतो. चीनची फौज तिबेटच्या पठारावर रस्ते करून सरहद्दीच्या जवळ आलेली. माथ्यावर लढाई झाली तर तिचा पुरवठा हाकेच्या अंतरावर, आपला पाच दिवस लांब. पण तीच फौज तवांग ओलांडून, साडेतेरा हजार फुटांवरची सेला खिंड उतरून बोमडिलापर्यंत आली, तर आठशेला आठशेचं गणित तिच्या गळ्यात पडतं आणि आपल्या गाड्या तेजपूरच्या मैदानातून बोमडिलाकडे येऊ शकतात. थोरातांची रेषा नकाशावर या हिशेबानं ओढलेली होती. शत्रूला दमवा, त्याची रसद ताणू द्या, आणि आपल्या सोयीच्या जागी गाठा.

टिपण नाकारल्यावर थोरात वर्तमानपत्रांकडे गेले नाहीत. त्यांनी मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव घेतला. कागदावर जे म्हटलं ते मोठ्या अधिकाऱ्यांसमोर, नकाशांवर, एकेक टप्पा करून मांडलं. चीननं हल्ला केला तर कुठून येईल, काय पडेल, कोणत्या क्रमानं पडेल. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. ‘नाही’ ऐकल्यावर माणसं दोनच गोष्टी करताना मी पाहिली आहेत, गप्प बसतात किंवा थयथयाट करतात. थोरातांनी तेच म्हणणं अधिक स्पष्ट करून, योग्य मार्गानं, पुन्हा मांडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगतो. मे १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. थिमय्यांनी लष्करप्रमुखपदासाठी थोरातांची शिफारस केली होती; नेमणूक थापर यांची झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुढे जाऊन चौक्या उभारण्याचं धोरण आलं, म्हणजे थोरातांच्या म्हणण्याच्या बरोबर उलट. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नेफातल्या नामका चू नदीकाठी आपली सातवी ब्रिगेड चिरडली गेली. डोंगरातल्या थंडीत अंगावर सुती गणवेश, तोफा मोजक्या, दारूगोळा त्याहून मोजका. तिचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले. काही दिवसांत तवांग गेलं, नोव्हेंबरात सेला आणि बोमडिला गेले, आणि २१ नोव्हेंबरला चीननंच एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. बोमडिला पडलं म्हणून थोरातांची योजना चुकीची होती असं कोणी म्हणालं तर मुलांना विचारू द्या, तिथे ठरवून, रसद साठवून, ताज्या पलटणींनी लढाई दिली गेली का, की वरून फुटून आलेल्या फौजेच्या पाठोपाठ शत्रू तिथे पोहोचला?

युद्धाच्या त्या दिवसांत पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तुमचं टिपण माझ्यापर्यंत का आलं नाही, असं त्यांनी विचारल्याचं थोरातांनी आठवणींत नोंदवलं आहे. मग राष्ट्रीय संरक्षण मंडळावर थोरातांना घेण्यात आलं. १९९२ साली ते वारले.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो, ती सांगतो. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डासमोर, ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज असते हे तुम्हाला मी सांगायला नको. टेबलावर मॉडेल मांडतात : नदी, रेल्वेरूळ, गाव, जंगल, तुटका पूल. एकाच वेळी चार संकटं येतात, हातात मोजकी माणसं आणि एखादी जीप. प्रत्येकानं आपली योजना लिहायची, मग गटानं एक योजना ठरवायची. एका अकादमीत मी हा तास मागे बसून पाहत होतो. प्लायवूडला हिरवा रंग, निळ्या खडूची नदी, काडेपेटीचे ट्रक. दिंडोरीकडची एक मुलगी वहीच्या समासात अंतरं आणि वेळा मांडत होती. तिनं हात वर करून विचारलं, “सर, चारही ठिकाणी वेळेत पोहोचताच येत नाहीये. एक ठिकाण सोडावं लागेल. कुठलं सोडायचं?” शिकवणारे म्हणाले, “सोडायचं नाही. सगळीकडे पोहोचलो असंच लिहायचं. निगेटिव्ह बोललीस तर बाहेर.” तिनं समासातलं गणित खोडलं. मी पाहिलं ते. बरोबर होतं.

कोणती अकादमी, कोण शिक्षक, याला महत्त्व नाही. असं उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि ते वाईट हेतूनं दिलं जात नाही. मुलगी पास व्हावी हीच तळमळ असते. पण माझ्या मते बोर्डासमोरही ते चालणारं नाही. ग्रुप टेस्टिंग ऑफिसर गुळगुळीत पाठ केलेली योजना रोज ऐकतो. त्याला बघायचं असतं की या उमेदवाराला अंतर, वेळ आणि माणसं यांचा मेळ घालता येतो का, कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे कळतं का. आणि बोर्डाचं सोडा. उद्या हीच मुलगी लेफ्टनंट होऊन कुठल्या तरी चौकीवर असेल, वरून विचारणा होईल, “होईल ना?”, तेव्हा तिच्या कानात तुमचा वर्ग बोलणार आहे. थोरातांच्या टिपणाला दिल्लीत जो शेरा मिळाला, तोच शेरा आपण अठरा वर्षांच्या मुलांना वर्गात देतो आहोत, याचा मला मनापासून त्रास होतो.

देवळालीत राहणाऱ्या माणसाला तोफखान्याची आठवण होणारच. इथलं तोफखाना विद्यालय, नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, रेंजवरून येणारे धमाके. तुम्ही मुलांना ‘तोपची’ या तोफखान्याच्या सरावाची प्रात्यक्षिकं दाखवता, ते फार चांगलं करता. पण तोफांकडे बघताना त्यांना पुढे बसलेल्या निरीक्षकाबद्दलही सांगा. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला की तो “ॲड” म्हणतो, पलीकडे पडला की “ड्रॉप” म्हणतो. मागे तोफांवर त्याचा वरिष्ठ आहे म्हणून तो अलीकडे पडलेल्याला लागलाच म्हणत नाही. म्हटलं तर पुढचा गोळाही वाया जातो. लष्कराचा एवढा मोठा कारभार या खऱ्या बोलण्यावर चालतो, आणि ते शिकवण्याचं देशातलं सगळ्यांत मोठं ठिकाण आपल्या शहराला लागून आहे.

१९६२ शी नाशिकचं आणखी एक नातं आहे. मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, आणि १९६३ मध्ये लोकसभेवर ते निवडून गेले ते नाशिकमधून, तेही बिनविरोध. हरलेल्या, खचलेल्या सैन्याची फेरउभारणी त्यांच्या काळात सुरू झाली. ओझरचा मिगचा कारखाना त्याच काळातला. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत त्या कारखान्याच्या पगारावर पोरं शिकली, त्यांतली काही तुमच्याकडे शिकवतही असतील. म्हणून थोरातांचा धडा कोल्हापूरकरांचा, आपल्याला काय त्याचं, असं निदान नाशिककरांना तरी म्हणता येणार नाही.

एक शंका तुमच्यातले जाणकार काढतील आणि ती रास्त आहे. तवांग मागे सोडायची योजना कोणतं सरकार संसदेत मांडू शकलं असतं? तिथे मोनपा लोकांची गावं आहेत, शेकडो वर्षांचा मठ आहे. सेनापती रसद बघतो, सरकारला माणसं आणि मान दोन्ही बघावे लागतात. शिवाय या प्रकरणाबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं खुद्द थोरातांनी सांगितलेलं आहे, म्हणजे एका बाजूचं आहे, आणि पराभवानंतर सगळ्यांनाच आपलं म्हणणं खरं ठरलेलं दिसतं. हे सगळं वर्गात बोला. थोरातांना देव्हाऱ्यात बसवायला मी सांगत नाही. टिपण नाकारलं तेव्हा त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता का? थिमय्यांनी ऑगस्ट १९५९ मध्ये दिला होता आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला, त्यातून काय साधलं? लष्करप्रमुख माणेकशांनी एप्रिल १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानवर लगेच हल्ला करायला नकार दिला, त्यांचं ऐकलं गेलं आणि डिसेंबरात देश जिंकला. थोरातांचं ऐकलं गेलं नाही. फरक सांगणाऱ्याच्या पद्धतीत होता, की ऐकणाऱ्यात? गटचर्चेला याहून चांगले विषय मला सापडलेले नाहीत. “मोबाइल : शाप की वरदान” वर किती वर्षं काढणार?

माझं स्वतःचं मत विचाराल तर थोरात बरोबर होते, आणि त्यांची रेषा राजकीय दृष्ट्या मान्य होण्यासारखी नसती तरी त्यांचा हिशेब बरोबर होता. रेषा कुठे ओढायची हे ठरवणं सरकारचं काम. पण माथ्यावर लढायचंच असेल तर इतकी फौज, इतके रस्ते, इतके कपडे, इतका वेळ लागेल, हे थोरातांनी मांडलं होतं. ते नाकारून वर माथ्यावर लढायचाही आग्रह धरला, तिथे घात झाला. त्याची किंमत नामका चूच्या काठावर ज्यांनी मोजली ते लान्सनायक, हवालदार, शिपाई होते. तुमच्याकडची भरतीची मुलं उद्या त्याच हुद्द्यांवर जाणार आहेत, म्हणून हा धडा फक्त अधिकारी होणाऱ्यांसाठी नाही. भरतीच्या बॅचलाही शिकवा. आपल्या वरच्यानं हिशेब केला आहे की नाही, हे जवानालाही कळायला हवं.

तर मागणी अशी. येत्या ऑक्टोबरात, २० तारखेच्या आसपास, प्रत्येक अकादमीनं थोरातांसाठी तीन तास काढावेत. पहिल्यात कांगॉ आणि कोरिया. दुसऱ्यात तेजपूर ते तवांग हा पट्टा मॉडेलवर मांडून रसदीचं गणित, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्यात मुलांनी स्वतः अर्ध्या पानाचं टिपण लिहायचं, “हे काम दिलेल्या साधनांत होणार नाही” असं वरिष्ठाला कळवणारं. त्यात तक्रारीचा सूर नको, रडगाणं नको. कारण, आकडा आणि पर्याय हवा. हे टिपण तपासताना “निगेटिव्ह” हा शेरा मारू नका, एवढीच अट. भूगोल आणि इंग्रजीचे शिक्षक मिळून हे सहज करू शकतात. तुमच्याकडे निवृत्त सुभेदार, कॅप्टन शिकवायला येतात, त्यांना या तासाला जरूर बसवा. सियाचीन, लडाखमध्ये रसद कशी पोहोचते हे ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मॉडेल माझ्याकडे तयार आहे. प्लायवूड, माती आणि भुसा यांचं, दोन भागांत सुटणारं, आणि उंची फुटांत लिहिलेली. ते कोणालाही वापरायला देईन, मानधन नको. फक्त आधी दिवस कळवा, आणि न्यायला टेम्पो पाठवा. दुचाकीवर बसत नाही.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक,
देवळाली कॅम्प, नाशिक